एका हातात कुरआन, दुसऱ्या हातात सोल्डरिंग आयर्न

मार्च २०१८ मध्ये दिल्लीच्या विज्ञान भवनात, जॉर्डनच्या राजांच्या उपस्थितीत, पंतप्रधान म्हणाले की मुस्लिम तरुणाच्या एका हातात कुरआन आणि दुसऱ्या हातात संगणक असायला हवा. ही कल्पना त्यांनी त्याआधीही मांडली होती. पुढे ती इतकी फिरली की आमच्या भागातल्या गुणवंतांच्या सत्काराच्या फ्लेक्सवरसुद्धा आली. पाहुणे बोलतात, टाळ्या पडतात, मुलांना ट्रॉफ्या मिळतात आणि मंडळी जेवणाकडे वळतात.

माझं या वाक्याशी भांडण आहे. संगणक वाईट म्हणून नाही, कुरआन तर नाहीच. भांडण त्यातल्या गृहीतकाशी आहे: मुसलमानाच्या हातात आजवर संगणक नव्हता, तो आता कुणीतरी द्यायचा आहे. आणि दुसरं भांडण आपल्याच लोकांशी आहे, कारण या वाक्याला उत्तर म्हणून ते जे काढतात ते त्याहून पोकळ असतं. ते थेट नवव्या शतकातल्या बगदादला जातात. अल-ख्वारिज्मी! त्याच्या नावावरून अल्गोरिदम, त्याच्या ग्रंथाच्या नावावरून अल्जेब्रा! खरं आहे, नाकारतं कोण? पण बाराशे वर्षांपूर्वीच्या बगदादचा अभिमान बाळगणाऱ्याला आपल्या अब्बांच्या टेबलावर चाळीस वर्षांपूर्वी काय उघडं पडलेलं असायचं ते आठवत नाही, तेव्हा मला त्या अभिमानाचं काय करावं ते कळत नाही.

माझा शौक सांगतो, म्हणजे राग कुठून येतोय ते समजेल. उंब्रजच्या माझ्या घरात माळ्यावर जुने होम कॉम्प्युटर आहेत. बरेच पुण्याच्या जुन्या बाजारातून, बुधवार-रविवारच्या फेऱ्यांत आणलेले. काही कराड-साताऱ्याच्या भंगारातून. दोन लोकांनी ‘घेऊन जा बाबा एकदाचे’ म्हणून दिलेले. आजच्या मुलांना सांगावं लागतं की हे डबे कीबोर्डच्याच आकाराचे असत. सगळा संगणक त्या कीबोर्डच्या पोटात. पडदा म्हणजे घरातला टीव्ही. गोष्टी साठवायला साधा टेपरेकॉर्डर आणि कॅसेट. ४८ के मेमरीचा प्रोग्राम भरायला पाचेक मिनिटं लागायची आणि तेवढा वेळ टेपमधून कर्कश किंचाळी ऐकू यायची. आवाजाचं बटण थोडं कमी-जास्त झालं किंवा टेपचं हेड तिरकं असलं की चौथ्या मिनिटाला सगळं फुकट. मग बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन हेडचा स्क्रू फिरवायचा.

यातलं माझं लाडकं यंत्र पुण्याचं आहे. ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम काढला: झेड-८० प्रोसेसर, साडेतीन मेगाहर्ट्झ, आणि किंमत तिकडच्या मध्यमवर्गाला झेपेल अशी. त्याचीच पुढची आवृत्ती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात विकली. डीबी स्पेक्ट्रम प्लस असं तिचं नाव. म्हणजे पुणे-बंगलोर रस्त्यावर आमच्या उंब्रजपासून चार तासांच्या अंतरावर होम कॉम्प्युटर विकायला उभे होते. हे आज पुण्यातल्या किती आयटीवाल्यांना ठाऊक आहे, विचारून बघा. मी विचारतो. बहुतेक जण हसतात.

आता इंटरनेटवर जुन्या संगणकांचं जे स्मरणरंजन चालतं, त्याच्यावर माझा पहिला आक्षेप. त्यात आपले लोक दुसऱ्याच्या बालपणावर रडतात. सातारा जिल्ह्यात वाढलेला माणूस कमोडोर ६४ परदेशातून मागवतो, काचेच्या कपाटात ठेवतो, खाली निळा दिवा लावतो आणि लंडनच्या पोराच्या आठवणी स्वतःच्या म्हणून सांगतो. अरे, तुझ्या गल्लीत १९८७ साली रंगीत टीव्ही किती घरांत होता? रविवारी सकाळी रामायण बघायला अख्खी आळी एका घरात जमायची, त्यात आमचीही घरं होती. होम कॉम्प्युटर हा शब्दच आमच्याकडे अर्धा खोटा होता. होम होतं, कॉम्प्युटर नव्हता.

इतर देशांतल्या हौशी लोकांनी असं केलेलं नाही, हे मला जास्त टोचतं. ब्राझीलने टीके-९० एक्स नावाचा स्वतःचा स्पेक्ट्रम केला. चेकोस्लोव्हाकियात डिडॅक्टिक बनला. सोव्हिएत संघात तर लोकांनी घरी, मिळेल त्या चिप वापरून, लेनिनग्राड आणि पेंटागॉन नावाच्या नकला उभ्या केल्या. त्या देशांतले हौशी आज आपापल्या यंत्रांचे नकाशे, कॅसेटी, माहितीपुस्तकं जपतात. आणि आम्ही? पुण्याचं यंत्र किलोवर विकतो आणि लंडनचं डॉलरमध्ये घेतो.

मी हे यंत्र पहिल्यांदा कुणाच्या दिवाणखान्यात पाहिलं नाही. अब्बांच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात पाहिलं, पोटातली सगळी आतडी बाहेर काढलेलं. कराडच्या एका डॉक्टरांनी मुलासाठी घेतलेलं होतं, चालू होत नव्हतं, आणि पुण्याला पाठवायचं तर महिना जाणार. अब्बांना इंग्रजी फक्त पार्टचे नंबर वाचण्यापुरतं यायचं. त्यांनी झाकण काढलं, बोट फिरवलं, एका जागी थांबले. व्होल्टेज रेग्युलेटर, ७८०५. हा पार्ट त्यांच्या डब्यात होताच, कारण तो अर्ध्या सर्किटांत लागतो. बदलला. टीव्हीवर सिंक्लेअरचं नाव आणि १९८२ हा आकडा आला. डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही कॉम्प्युटर कुठे शिकलात? अब्बा म्हणाले, कॉम्प्युटर नाही साहेब, पाच व्होल्ट यायला पाहिजेत ते येत नव्हते.

कोयनेच्या कुशीत राहून आमचं व्होल्टेज कधी एका जागी राहिलं नाही, त्यामुळे पाच व्होल्टचा प्रश्न अब्बांना आयुष्यभर पुरला.

या उत्तरात मला सगळं सापडतं, आणि नेमकं हेच आपल्या समाजाने फेकून दिलं. पश्चिम महाराष्ट्राच्या गावागावांत मुसलमान कोण होता? शिकलगार होता, धार लावणारा. पिंजारी-नदाफ होता, कापूस पिंजणारा. मण्यार, मोमीन, अत्तार, तांबोळी, आणि भांड्यांना कल्हई करणारा. कल्हईवाला कथील आणि नवसागर वापरायचा. रेडिओवाल्याच्या डाकात कथील आणि शिसं असतं, आणि आयर्नचं टोक साफ करायला टेबलावर नवसागराचा खडा असतो. एकाच हुन्नराची ही पुढची पिढी होती. सायकल, मग मोटर, मग रेडिओ, मग टीव्ही, मग टेप. त्याच रांगेत पुढचा नंबर संगणकाचा होता आणि तो आलाही, दुरुस्तीच्या टेबलावर आला. पण तोपर्यंत बिरादरीत शिकलेली पोरं ‘अब्बा मेकॅनिक आहेत’ असं सांगायला लाजायला लागली होती.

बाहेरच्यांनी त्या लाजेला शब्द दिला: पंक्चरवाला. सोशल मीडियावर मुसलमानाला गप्प करायचा तर हा एक शब्द पुरतो. आणि आपले लोक चिडून उत्तर काय देतात? आमच्यात डॉक्टर आहेत, आमच्यात आयएएस आहेत, आमच्यात अब्दुल कलाम होते. म्हणजे शिवी मान्य केली! पंक्चर काढणं हलकं आहे हे शिवी देणाऱ्याइतकंच आपल्यालाही पटलेलं आहे, फक्त आपण ते काम करत नाही एवढं सिद्ध करायचं आहे. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधणं आणि सर्किटवर मीटर लावून व्होल्टेज कुठे गळतंय ते शोधणं, ही एकच बुद्धी आहे. ती ज्याच्याकडे नाही तो शिवी देतो, आणि पंक्चर झालं की तिथेच येऊन उभा राहतो.

संगणक आमच्याकडे अधिकृतपणे कसा आला तेही बघा. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात सुमारे २५० शाळा, आणि यंत्र ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो. उत्तम यंत्र. ३२ के मेमरी, चालू केल्याबरोबर बेसिक भाषा हजर. एका शाळेत, नाव घेत नाही, मी ती खोली पाहिली आहे: चपला बाहेर, पडदे ओढलेले, यंत्रावर शिवलेली कव्हरं, आणि किल्ली सरांच्या खिशात. सर रजेवर असले की संगणकही रजेवर. त्याच वर्षांत केंब्रिजमध्ये एकॉर्नचे अभियंते हाच बीबीसी मायक्रो वापरून नवा प्रोसेसर आखत होते. सोफी विल्सन यांनी त्याची आज्ञावली आधी बीबीसी बेसिकमध्ये चालवून पाहिली, स्टीव्ह फर्बर यांनी रचना केली, आणि २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली एआरएम चिप चालली. आज तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे. तिकडे यंत्र उघडं होतं, इकडे कव्हराखाली होतं. फरक अकलेचा नव्हता, कुलपाचा होता.

पुढे २००१ मध्ये एमएस-सीआयटी आली आणि संगणक गावोगाव पोचला. त्या कोर्सने अनेकांना नोकऱ्या दिल्या, माझ्या घरातल्या दोघींनाही, त्यामुळे कृतघ्न होत नाही. पण तो संगणक प्रमाणपत्राच्या वाटेने आला. जुना होम कॉम्प्युटर चालू केला की कोरा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर असायचा. तुम्ही काही सांगितल्याशिवाय तो काहीच करायचा नाही. नंतर आलेल्याने आधीच सगळं मांडून ठेवलेलं होतं, आपण फक्त क्लिक करायचं, फॉर्म भरायचा, प्रिंट काढायची. आज मोहल्ल्यातल्या पोराच्या हातात संगणक आहे की! फोन आहे ना. आणि त्याच्या अब्बांना ट्रान्झिस्टर उघडता यायचा, याला फोनची बॅटरीही काढता येत नाही, कारण ती चिकटवलेली आहे.

घोषणेतला संगणक कुठला, हे म्हणूनच कुणी सांगत नाही. उघडता येणारा की चिकटवलेला?

एक मौलाना, माझे स्नेही, या शौकाला लहव-लइब म्हणतात, रिकामा खेळ. पैशाची इसराफ, उधळपट्टी, असंही म्हणतात. मी त्यांना मान देतो आणि त्यांच्याशी वाद घालतो. इसराफला कुरआनात मनाई आहे, मान्य. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी जास्त वापरू नये, हे आपण लहानपणापासून ऐकलं. तारळी आणि कृष्णेच्या संगमावर राहणाऱ्या माणसाला ते जरा जास्तच लक्षात राहतं. पण मग दर दोन वर्षांनी चालू फोन टाकून नवा हप्त्यावर घेणं ही काय आहे? निकाहात मंडपावर उडतात ते पैसे काय आहेत? मी दोनशे-तीनशे रुपयांना मेलेलं यंत्र आणतो, महिनाभर त्याच्यावर बसतो आणि ते उठतं. यात उधळपट्टी कुठे शोधायची ते मौलानांनी मला दाखवावं. ते हसतात, चहा पितात, आणि त्यांच्या मदरशातला ॲम्प्लिफायर माझ्याकडेच येतो.

दुसरा वाद तरुण मुलांशी आहे. ते म्हणतात, चाचा, फोनवर एम्युलेटर आहे, हे सगळे गेम त्यात आहेत, मग डबा कशाला? डबा यासाठी, की एम्युलेटर बिघडत नाही. स्पेक्ट्रममध्ये ४८ के मेमरी कशी भरली होती माहीत आहे? १६ के साठी आठ चिप, आणि उरलेल्या ३२ के साठी मोठ्या, ६४ किलोबिटच्या चिप, ज्यांचा अर्धा भाग कारखान्यातच निकामी निघालेला होता. तो अर्धा सोडून उरलेला अर्धा वापरायचा, म्हणून स्वस्त. ज्याला आपण हसत हसत जुगाड म्हणतो तो केंब्रिजच्या साहेबांनी मापून-मोजून केला आणि त्यावर लाखो यंत्रं विकली. हे फोनच्या पडद्यावर कळत नाही. मेमरीच्या चिपला बोट लावलं आणि चटका बसला की कळतं. आतली एकच मुख्य चिप, यूएलए म्हणतात ती, खास या यंत्रासाठी बनलेली आणि बाजारात मिळायची बंद. २०१० मध्ये क्रिस स्मिथ या इंग्रज माणसाने तिच्या आतल्या रचनेवर अख्खं पुस्तक लिहिलं. स्मरणरंजन करायचं तर असं करावं.

आणि केंब्रिजमध्येच २०१२ साली आलेला रास्पबेरी पाय? बीबीसी मायक्रोवर वाढलेल्या लोकांना वाटलं की आजच्या पोरांकडे तसं स्वस्त, उघडं यंत्र नाही, म्हणून त्यांनी ते केलं. मॉडेल ए, मॉडेल बी ही नावंसुद्धा जुन्या यंत्रावरून घेतली. त्यांच्या आठवणीतून यंत्र निघालं. आमच्या आठवणींतून आतापर्यंत निळे दिवे निघालेत.

मराठीपुरतं एक सांगतो. स्पेक्ट्रमवर प्रत्येक अक्षर ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटीत बसतं आणि वापरणाऱ्याला स्वतःची २१ अक्षरं काढता येतात. मराठीत नुसती व्यंजनंच ३४. म्हणून मग सगळा अक्षरसंचच बदलायची युक्ती करावी लागते, ९६ जागा मिळतात. तरी उंचीचा प्रश्न राहतो. एक ओळ शिरोरेघेला, दोन वरच्या मात्रेला, उरल्या पाच, त्यात ‘ळ’ बसवा. मी बसवला, दोन रात्री गेल्या. पण जुन्या टीव्हीवर एक मात्रा आणि दोन मात्रा यांतला फरक काही दिसेना. ‘शौक’ लिहिलं की ‘शोक’ वाचता यायचं. आमच्या घरातल्यांचं मत आहे की यंत्र बरोबरच लिहीत होतं. ही मारामारी मोठ्या प्रमाणावर ज्यांनी केली ते पुण्यातच आहेत: आयआयटी कानपूरमधलं जिस्ट तंत्रज्ञान सी-डॅकमध्ये आलं, पीसीत घालायचं कार्ड निघालं, आणि १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरलं. आज तुम्ही हे मराठी सहज वाचताय त्याच्या मागे ती कार्डं आहेत. तीही आता भंगारात सापडतात, मला एक सापडलं आहे.

भंगारावर शेवटचं, आणि इथे माझा सूर जरा चढेल. पुण्या-मुंबईच्या भंगाराच्या धंद्यात आपले लोक किती आहेत हे सांगायला नको. शहरातला सुशिक्षित माणूस ई-कचऱ्याबद्दल बोलतो तेव्हा डोळ्यांसमोर हाच माणूस असतो: तारा जाळणारा, ॲसिडमध्ये बोर्ड बुडवणारा, हवा घाण करणारा. ते जाळणं बंद झालंच पाहिजे, त्यात त्याचीच फुप्फुसं जातात. पण याच माणसाने चालू पार्ट वेगळे काढले म्हणून तुमचे टीव्ही वीस-वीस वर्षं चालले, हे कुठल्या अहवालात लिहिणार? एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. उत्पादक, पुनर्चक्रण करणारे, जुनी यंत्रं नीट करून विकणारे, सगळ्यांनी नोंदणी करायची, पोर्टलवर. डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चंही सरकारी पोर्टल आलं. दुरुस्तीचा हक्क! ऐकून अब्बा पोट धरून हसले असते. हक्क ग्राहकाला मिळाला, कंपन्यांची नावं यादीत आली, आणि बसस्टँडजवळ टेबल टाकून बसलेला दुरुस्तीवाला त्या पोर्टलवर कुठे शोधायचा? आमच्या जमातींच्या, शिक्षण संस्थांच्या लोकांनी यावर एक निवेदन दिलेलं मी पाहिलं नाही. फ्लेक्स मात्र पाहिले.

पुण्यात केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, कुलपं, दरवाजे गोळा केले. त्या काळी लोक त्यांनाही हसले असतील, कारण अडकित्ता तेव्हा ज्याच्या-त्याच्या पानाच्या डब्यात होता. आज तोच अडकित्ता बघायला लोक तिकीट काढतात. पुण्यात विकल्या गेलेल्या संगणकाला असं कपाट मिळालं तर हवंच आहे. पण मी पुण्याची वाट बघणार नाही. तालुक्याच्या वाचनालयात एक कपाट, एक जुना टीव्ही आणि एक टेबल मिळालं तरी चालेल. अट एकच: काचेला कुलूप नको, यंत्र उघडता आलं पाहिजे.

आणि कॅसेटी. या सगळ्यात जास्त घाई त्यांची आहे. त्यांच्या फितीवरचा थर झडतोय, आणि अर्ध्याअधिक कॅसेटींवर लोकांनी नंतर कव्वाल्या नाहीतर सिनेमाची गाणी भरली. कुणाच्या माळ्यावर हाताने ‘प्रोग्राम’ असं लिहिलेली कॅसेट असेल तर ती फेकण्याआधी चांगल्या टेपवर एकदाच वाजवा आणि तो किंचाळणारा आवाज जसाच्या तसा फोनवर नाही, वायर लावून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा. तेवढ्यातून प्रोग्राम परत निघतो. जुने रेडिओ-टीव्ही मेकॅनिक अजून हयात आहेत. त्यांच्याजवळ बसून विचारा, पहिला कॉम्प्युटर कधी उघडला, काय बिघडलं होतं, पार्ट कुठून आणला. कराड, सांगली, मिरज, इचलकरंजी, प्रत्येक गावात असा एकतरी माणूस निघेल आणि तो आपल्यातलाच असण्याची शक्यता बरीच आहे.

यंत्रच सापडलं तर उन्हात ठेवू नका, धुऊ तर अजिबात नका. आणि घरातला कुठलाही नऊ व्होल्टचा ॲडॉप्टर उचलून लावून बघू नका. स्पेक्ट्रमला मधली पिन ऋण लागते, बाजारातल्या बहुतेक ॲडॉप्टरना ती धन असते.